वेल गेली, गोळी आली

शहापूरच्या रानात गुळवेल कुणी लावत नाही. ती आपली आपण येते. कडुनिंबावर चढलेली अधिक गुणाची मानतात, पण तिला स्वतःला तसा विधिनिषेध नाही; आंबा, पांगारा, कुंपणाचा शेर, जे सापडेल त्यावर ती चढते. करोनाच्या वर्षात या वेलीला अचानक भाव आला. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेतले कातकरी तरुण गुळवेल गोळा करून, तुकडे करून, वाळवून विकत होते. त्यांना वन धन विकास केंद्राचा आधार मिळाला, आदिवासींच्या मालाला बाजार मिळवून देणाऱ्या ट्रायफेडची साथ मिळाली, आणि २०२१मध्ये मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांकडून सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी आल्याचे केंद्र सरकारने कौतुकाने जाहीर केले. वर्षातले निम्मे महिने वीटभट्टीवर आणि उरलेले उधारीवर काढणाऱ्या समाजाच्या वाट्याला असा आकडा क्वचित येतो. कौतुक रास्तच होते.

त्याच सुमारास, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत, लोकलने दोन-अडीच तासांवरच्या मुंबईत सहा माणसे डोळे पिवळे झाले म्हणून यकृततज्ज्ञांकडे आली. कावीळ अ, ब, क, ई या सगळ्यांच्या तपासण्या कोऱ्या. दारूचा हिशेबही जुळेना. खोदून विचारल्यावर कळले की सहाही जण प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेत होते. कुणी काढा, कुणी गोळी. डॉ. आभा नगरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सहा रुग्णांची नोंद २०२१मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापली. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा तिथे शरीराची स्वतःची फौज स्वतःच्याच यकृतावर चालून गेल्यासारखे चित्र होते. त्या सहा जणांची गुळवेल शहापूरची होती असे कुणी म्हटलेले नाही, मीही म्हणत नाही. रानातली वेल आणि शहरातली गोळी यांच्यामध्ये काय काय घडते, हे पाहायला मात्र ही दोन दृश्ये शेजारी ठेवावी लागतात.

आयुष मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती कशावरून? तिच्यासारखी दिसणारी, टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल आहे, ती यकृताला बाधू शकते. आधी ओळख पटवा, मग आरोप करा. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. क्रिस्पाच्या खोडावर गाठी असतात आणि ते चिरले की दुधासारखा चीक येतो. आपल्या गुळवेलीला तो नसतो. हा फरक वेल तोडणाऱ्या हाताला कळतो, पुडीतल्या भुकटीत मात्र तो हरवतो. पुढे २०२२मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता, आणि बऱ्याच जणांच्या यकृताचे दुखणे त्याच स्वतःवर उलटलेल्या प्रकाराचे होते. म्हणजे ‘चुकीची वेल’ हे एकच उत्तर पुरत नाही. ज्यांच्यात थायरॉइडसारखे स्वप्रतिकारशक्तीचे आजार आधीच दबा धरून आहेत, त्यांना प्रतिकारशक्ती ‘वाढवणारे’ काहीही महागात पडू शकते. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांतल्या फार थोड्यांना हा त्रास झाला, हेही त्याच दमात सांगायला हवे. धोका विरळ आहे. पण ज्याला होतो त्याला पूर्ण होतो.

गुळवेल हे या प्रश्नाचे एक टोक. दुसरे टोक मुरबाडच्या नाक्यावर, धसईच्या बाजारात, वाशिंद-आसनगाव स्टेशनाबाहेरच्या मेडिकलमध्ये काचेच्या कपाटात चकाकत असते: अँटिऑक्सिडंट. लोक हा शब्द वापरत नाहीत. ते ‘ताकदीची गोळी’ म्हणतात. मागणारा बहुधा चाळिशी ओलांडलेला पुरुष असतो. अंगात कस राहिला नाही, संध्याकाळी कणकण वाटते, पायऱ्या चढताना दम लागतो, आणि पहिल्यासारखे काही राहिले नाही. या शेवटच्या वाक्यात काय काय येते ते विचारायचे नसते, मेडिकलवालाही विचारत नाही. डॉक्टरसमोर जे तोंडातून निघत नाही ते गल्ल्यापाशी निम्म्या शब्दात निघते. दुसरी वाट डॉक्टरच्या चिठ्ठीची. अँटिबायोटिकच्या जोडीला एक लालसर मऊ कॅप्सूल लिहायची पद्धत इतकी रुळली आहे की ती नसली तर पेशंटलाच औषध अपुरे वाटते. तिसरी वाट ओळखीच्या माणसाची. भिवंडी-पडघ्याच्या गोदामात बरोबर काम करणारा, सुट्टीच्या दिवशी साखळी पद्धतीने डबे विकणारा. ‘ताकदी’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही हर्बल मालात चक्क सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातले औषध, मिसळलेले सापडते, आणि ज्याला छातीत दुखले की जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली आहे त्याच्यासाठी हे मिश्रण जिवावरचे असते. तो विषय स्वतंत्र आहे, पण गल्ला तोच.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात रोज दिसते. चिरलेले वांगे उघडे राहिले की काळे पडते. पाण्यात टाकले, वर लिंबू पिळले, की पांढरे राहते. शरीरातही अन्न जळताना अशाच काळवंडवणाऱ्या ठिणग्या उडतात. १९५६मध्ये डेन्हॅम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने म्हातारपण या ठिणग्यांमुळे येते अशी मांडणी केली. १९७०मध्ये दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी जीवनसत्त्व क आणि सर्दी यांवर पुस्तक लिहिले आणि लिंबाचे काम गोळीकडे गेले. तर्क सरळ होता: ठिणग्या वाईट, म्हणून ठिणग्या विझवणारे चांगले, म्हणून जितके जास्त तितके चांगले. पहिली पायरी अर्धी खरी आहे, दुसरी त्याहून कमी, तिसरीचा खऱ्याशी संबंध नाही. कारण शरीर या ठिणग्या वापरतेही. पांढऱ्या पेशी त्यांनीच जंतू मारतात, बिघडलेल्या पेशी त्यांच्याच घावाने संपतात, मेहनत केल्यावर स्नायूंना ‘आता बळकट हो’ हा निरोपही त्याच देतात. चुलीतला विस्तव बाहेर उडू नये म्हणून चुलीतच पाणी ओतले तर घर जळणार नाही हे खरे, पण भातही शिजणार नाही.

हे नुसते रूपक राहिले असते. ते फिनलंडमध्ये माणसांवर तपासून झाले आहे, आणि चाळिशी-साठीच्या पुरुषांसाठी त्याहून महत्त्वाचा प्रयोग मला माहीत नाही. १९८५पासून तिथे २९,१३३ पुरुष निवडले गेले. सगळे ५० ते ६९ वयाचे, सगळे सिगारेट ओढणारे. गाजरात, पिकल्या पपईत, शेवग्याच्या पाल्यात असणारे बीटा-कॅरोटीन रोज २० मिलिग्रॅम काहींना दिले, काहींना जीवनसत्त्व ई, काहींना दोन्ही, काहींना नुसती साखरगोळी. अपेक्षा अशी की फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, कारण गाजर-पपई खाणाऱ्यांत तो कमी दिसतो. १९९४मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला, एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी जास्त. संशोधकांचाच विश्वास बसेना. पण तोवर अमेरिकेत दुसरा प्रयोग चालू होता: १८,३१४ माणसे, धूम्रपान करणारी, सोडलेली, आणि ॲस्बेस्टॉसच्या कामात असलेली. त्यांना बीटा-कॅरोटीनबरोबर जीवनसत्त्व अ. जानेवारी १९९६मध्ये तो ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावा लागला. कर्करोग २८ टक्क्यांनी, मृत्यू १७ टक्क्यांनी वाढले होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरचा बारा वर्षांचा प्रयोग पुरा झाला. त्यांत धूम्रपान करणारे थोडे होते. तिथे बीटा-कॅरोटीनने ना फायदा केला ना तोटा.

तिन्ही निकाल एकत्र वाचले की एक गोष्ट ठसठशीत दिसते. गोळी सगळ्यांना सारखी लागत नाही. धुराने भाजलेल्या फुप्फुसात ती वेगळे वागते. फिनलंडच्या आकड्यांत आणखी बारकावा आहे: दिवसाला वीसच्या वर सिगारेटी ओढणाऱ्यांत आणि जरा बऱ्यापैकी दारू घेणाऱ्यांत हा धोका जास्त होता. आता शहापूर-मुरबाडमधला पन्नाशीचा पुरुष डोळ्यांसमोर आणा. बिडी आहे, नाहीतर तंबाखूचा बार आहे, मोहाची किंवा देशी अधूनमधून आहे. पूर्वी मुलुंड-घाटकोपरच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यांत पाळी केलेली माणसे मुंबई परिसराच्या गावोगावी पांगलेली आहेत. बिडीवर असा प्रयोग झालेला नाही, त्यामुळे १८ टक्क्यांचा आकडा इथे जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पण कोणता डॉक्टर, कोणता मेडिकलवाला ती लालसर कॅप्सूल देताना ‘बिडी ओढता का?’ विचारतो? युरोप-अमेरिकेत निदान पाकिटावर किंवा सल्ल्यात ही सूचना येते. डोळ्यांच्या पडद्याच्या झिजेसाठी जो गाजलेला अँटिऑक्सिडंट मिश्रणाचा नुस्खा होता, त्यातून बीटा-कॅरोटीन २०१३नंतर काढून ल्युटीन घालण्याची शिफारस झाली ती याच कारणाने.

तंबाखूच्या तोंडाची गोष्ट थोडी निराळी. गुटख्याने तोंड उघडेनासे झालेल्यांना, पांढरे चट्टे आलेल्यांना आपल्याकडे लायकोपीन या आणखी एका अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल सर्रास लिहितात. केरळात नव्वदीच्या दशकात अशा चट्ट्यांवर जीवनसत्त्व अ आणि बीटा-कॅरोटीन देऊन पाहिले होते. वर्षभरात बऱ्याच जणांचे चट्टे गेलेही, पण औषध थांबल्यावर पुष्कळांचे परत आले. म्हणून यात सरळ हो किंवा नाही नाही. दातांच्या डॉक्टरने तोंड तपासून, मुदत ठरवून दिलेली कॅप्सूल वेगळी. चट्टा गेला या आनंदात गुटखा चालू ठेवून वर्षानुवर्षे गिळलेली वेगळी.

आता ती हिरवी मऊ कॅप्सूल, जी बायका टोचून चेहऱ्याला लावतात आणि पुरुष गिळतात. जीवनसत्त्व ई, ४०० मिलिग्रॅम. योगायोग असा की अमेरिका-कॅनडातल्या ३५,५३३ पुरुषांना २००१पासून रोज नेमकी एवढ्याच ताकदीची गोळी दिली गेली. सगळे पन्नाशीपुढचे. प्रोस्टेटचा कर्करोग टळावा हा हेतू. कारण फिनलंडच्या त्याच प्रयोगात ई घेणाऱ्यांत तो कमी दिसला होता. फक्त तिथली मात्रा ५० मिलिग्रॅम होती. २००८मध्ये काही फायदा दिसत नाही म्हणून गोळ्या बंद केल्या. माणसांवर नजर चालू ठेवली. २०११मध्ये कळले की ई घेतलेल्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त झाला: सात वर्षांत साखरगोळीवाल्या हजारांत ६५, ई घेणाऱ्या हजारांत ७६. गोळी थांबवल्यानंतरही फरक वाढतच गेला होता.

हजारात अकरा हा आकडा ऐकून कुणी खांदे उडवील. उडवावेतही, एका माणसापुरता तो मोठा धोका नाही. पण ही गोळी आजारी माणसाने आजार बरा व्हावा म्हणून घेतलेली नसते. धडधाकट माणसाने आणखी धडधाकट व्हावे म्हणून घेतलेली असते. फायदा शून्य असताना हजारात अकराही जास्तच. त्यातही ई रक्त पातळ करते. हृदयाचा झटका येऊन गेल्यावर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिनवर असलेल्या माणसाने वर ही कॅप्सूल चालू ठेवली तर दात काढताना, हर्नियाच्या ऑपरेशनात, अपघातात रक्त थांबायला वेळ लागतो. पुरुष डॉक्टरांवरच्या एका नंतरच्या प्रयोगात ई घेणाऱ्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाचे झटके जास्त निघाले. रक्तदाब वाढलेला आणि त्याची गोळी ‘सवय लागेल’ म्हणून सोडलेला माणूस गावोगावी आहे. ताकदीच्या गोळीची सवय लागेल ही भीती मात्र कुणाला वाटत नाही.

सेलेनियम हा अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या मिश्रणातला सर्वांत दुर्लक्षित घटक. लागतो चिमटीच्या हजाराव्या भागाएवढा, आणि पुरेसा व जास्त यांत अंतर फार थोडे. अमेरिकेत रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम वर्षानुवर्षे घेतलेल्यांत मधुमेह जास्त झाल्याचे २००७मध्ये दिसले. ज्यांच्या शरीरात ते आधीच मुबलक होते अशा पुरुषांत त्याच्या गोळीने प्रोस्टेटचा आक्रमक कर्करोग वाढल्याचे नंतरच्या विश्लेषणात आले. आपल्याकडे याची आठवण वेगळ्या वाटेने झाली. डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडू लागले. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रक्त, लघवी, केस तपासून सेलेनियम वाढल्याचे सांगितले आणि बोट रेशनच्या गव्हाकडे दाखवले. तो गहू होता, गोळी नव्हे. पण आमच्या अन्नात आधीच किती सेलेनियम येते याचा पत्ता नसताना वरून गोळीने भर घालणे म्हणजे काय, हे त्या टकलांनी दाखवले. गंमत अशी की केस गळतात म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सुलांतही सेलेनियम असते.

जीवनसत्त्व क मात्र सगळ्यांना निरुपद्रवी वाटते. आंबट-गोड चघळायची गोळी, मुलेही मागतात. प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम पुरते असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पोषण संस्थेचे २०२०चे मोजमाप. गोळी ५०० ची. जास्तीचे लघवीवाटे जाते, त्यातला काही भाग ऑक्झलेट होऊन, आणि मूतखड्याचा दगड बहुधा ऑक्झलेटचाच. स्वीडनमध्ये ४५ ते ७९ वयाच्या २३,३५५ पुरुषांचा माग काढला तेव्हा नुसत्या क-च्या गोळ्या घेणाऱ्यांत खडे सुमारे दुप्पट निघाले. स्वीडनचा माणूस थंडीत बसतो. मुरबाडच्या एमआयडीसीत भट्टीपाशी किंवा एप्रिलमध्ये वीटभट्टीवर उभा असलेला माणूस दिवसभरात किती पाणी पितो आणि किती घामावाटे घालवतो, याचा हिशेब यात धरलेला नाही. मधुमेह्यांसाठी आणखी एक बारीक गोष्ट: क-चे प्रमाण फार वाढले की बोट टोचून साखर मोजणारी काही यंत्रे खोटा, वाढीव आकडा दाखवतात. आकडा पाहून इन्सुलिन वाढवले तर साखर घसरते.

आणि एक गोष्ट जी या तालुक्यांत विशेष मोलाची आहे, पण ताकदीच्या सलाइनच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही. पश्चिम भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता आढळते. ती एक्स गुणसूत्रावरून येते, म्हणून पुरुषांत अधिक दिसते. एरवी माणूस ठणठणीत असतो. पण काही औषधे दिली की त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवी काळ्या चहासारखी होते. क-चा मोठा डोस, विशेषतः शिरेतून दिलेला, या यादीत आहे. म्हणजे ठिणग्या विझवणारे औषध या माणसाच्या रक्तात आग लावते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली वस्ती असलेल्या या भागात अशक्तपणा म्हटले की पिवळी बाटली लावायची मागणी पेशंटच करतो. बाटलीत काय मिसळले हे तो विचारत नाही, आणि त्याच्या विकराचे काय हे मिसळणाऱ्याला माहीत नसते. सिकलसेलची तपासणी आता राष्ट्रीय मोहिमेतून गावपातळीवर होते. या विकराची बहुधा मलेरियाच्या औषधाच्या निमित्ताने होते, झाली तर.

बाकीचे थोडक्यात. करोनात ५० मिलिग्रॅम झिंक महिनोन्महिने घेणारे होते. झिंक आतड्यात तांब्याला आत येऊ देत नाही, आणि तांबे कमी झाले की रक्त कमी होते, पाय बधिर होतात. हळदीतल्या कुरक्युमिनने भाजीतून कुणाचे यकृत बिघडल्याचे माहीत नाही. पण बंगळुरूच्या सेंट जॉन्समध्ये १९९८मध्ये दाखवले गेले की मिऱ्यातल्या पायपरीनबरोबर ते कितीतरी पटीने रक्तात चढते. कंपन्यांनी तो धागा पकडला, आणि आता इटली-अमेरिकेतून अशा मिश्र कॅप्सूलने झालेल्या यकृताच्या दुखण्यांच्या नोंदी येत आहेत. हिरव्या चहाचा अर्क, अश्वगंधा यांच्याही तशाच विरळ नोंदी आहेत. जर्मनीत २००९मध्ये तरण्या पुरुषांना व्यायामाबरोबर क आणि ई दिले तर व्यायामाने इन्सुलिनवर होणारा चांगला परिणामच पुसला गेला. रोज भात लावणाऱ्या, मोळी वाहणाऱ्या माणसाला कुणी अंगमेहनतीचे श्रेय देत नाही. निदान त्याचे फळ गोळीने खाऊ नये.

इथपर्यंत वाचून गोळ्या गटारात टाकायला निघालेल्याला थांबवायला हवे, कारण चीनच्या लिनशियान परगण्यातला प्रयोग उलटा आहे. तिथले लोक गरीब, फळे-भाज्या कमी, अन्ननलिका-पोटाचा कर्करोग भरपूर. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सुमारे ३० हजार माणसांपैकी ज्यांना बीटा-कॅरोटीन, ई आणि सेलेनियम माफक मात्रेत दिले त्यांच्यात मृत्यू ९ टक्क्यांनी घटले. फ्रान्समध्ये १३ हजारांवर माणसांना आहाराइतक्याच छोट्या मात्रेत अँटिऑक्सिडंट दिली. २००४च्या निकालात बायकांना काही फरक नाही, पुरुषांत कर्करोग ३१ टक्क्यांनी कमी. संशोधकांचा अंदाज असा की पुरुषांच्या रक्तात ही तत्त्वे मुळातच कमी होती, ती भरून निघाली. मधुमेह नसलेल्या चरबीयुक्त यकृताच्या काही रुग्णांना डॉक्टर मोठ्या मात्रेत ई देतातही, नजर ठेवून.

मग शहापूर-मुरबाडचा पुरुष फिनलंडचा की लिनशियानचा? मला वाटते, दोन्हीकडचा, आणि गोम तिथेच आहे. टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या पायथ्याशी, किंवा डोळखांबच्या पाड्यांत, दिवाळीनंतर वीटभट्टीला जाणारे कुटुंब सहा महिने भात, मिरचीची चटणी आणि सुक्या मासळीवर काढते. त्याच्या रक्तात या तत्त्वांची खरीच टंचाई असू शकते. पावसाळ्यात त्याच घरात टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, शेवळे शिजतात, हिवाळ्यात आवळे वेचले जातात. टंचाई बारमाही नसते, हंगामी असते. हे कुटुंब तीनशे रुपयांची पट्टी घेत नाही. घेतो तो आसनगावहून रोज लोकलने ठाण्याला जाणारा, पगारदार, पोट सुटलेला, डबल शिफ्ट करणारा, बिडी सोडून सिगारेटवर आलेला. ज्याला कमी आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही, आणि ज्याच्यापर्यंत पोहोचते त्याला कमी नाही. फिनलंडच्या प्रयोगातला माणूस हाच. मुरबाड-शहापूरची भेंडी परदेशी रवाना होते, गुळवेल कंपनीला जाते, आणि त्यांतला सत्त्वांश पॅक होऊन आठपट-दहापट मात्रेत नाक्यावर परत येतो असे वाटावे इतका हा व्यवहार गोल आहे.

त्रास झालाच तर नोंद कुठे? गोळीवर औषधाचा परवाना असेल तर ती १९४०च्या औषध कायद्याखाली. आयुर्वेदिक असेल तर त्याच कायद्याच्या वेगळ्या प्रकरणाखाली, आणि तिच्या दुष्परिणामांची नोंद आयुषच्या वेगळ्या यंत्रणेकडे. ‘न्यूट्रास्युटिकल’ असेल तर ती औषधच नाही. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ती अन्न आहे, बिस्किटासारखे. महाराष्ट्रात तिन्ही पाहणारे खाते एकच, अन्न व औषध प्रशासन, पण पोट वेगळी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा फुकट फोन आहे, १८००-१८०-३०२४. त्यावर रुग्णही कळवू शकतो, डॉक्टरच हवा असे नाही. मुंबईतले सहा जण नोंदीत आले कारण मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी प्रत्येकाला खोदून विचारले. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळच्या रांगेत कावीळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दोन मिनिटे मिळतात. ‘दारू घेता का?’ हा प्रश्न त्यांत बसतो. तो खाली मान घालून हो म्हणतो आणि शोध तिथे संपतो. खिशातल्या पट्टीबद्दल त्याला कुणी विचारत नाही, आणि ती औषधच नाही असे त्याला वाटत असल्यामुळे तोही सांगत नाही.

तसे पट्टीवर लिहिलेलेही असते. अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा प्रत्येक पाकिटावर ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना सक्तीची आहे, ठळक असावी असेही म्हटले आहे. भाषा इंग्रजी किंवा हिंदी. मराठीची सक्ती नाही.